पत्रिका जुळली, आता अक्षरंही जुळवायची?

मनाचिये टपाली : वाचकांची पत्रं, आमची उत्तरं

गणपतीच्या गडबडीत टपाल साचलं होतं. परवा सगळी पत्रं जेवणाच्या टेबलावर मांडून बसले, तर त्यातली तीन एकमेकांची सख्खी भावंडं निघाली. म्हणून या खेपेला तेवढीच तीन घेते. गुडघेदुखीवाल्या आजोबांनी रागावू नये. त्यांचं पत्र खरं तर मनाच्या सदरासाठी नव्हतंच.

"ताई, मी २८ वर्षांची आहे, चिंचवडला आयटीत नोकरी करते. डिसेंबरात लग्न आहे. पत्रिका बघून ठरलं. ३६ पैकी २७ गुण जुळले, घरचे खूश. महिन्यापूर्वी त्यानं मला एका व्यक्तिमत्त्व चाचणीची लिंक पाठवली. त्याच्या कंपनीत ती सगळ्यांकडून करून घेतात. तो निघाला आयएनटीजे आणि मी ईएसएफपी. चारही अक्षरं उलटी! तेव्हापासून मला जिथेतिथे तेच दिसतं. परवा हॉल ठरवायला गेलो. तो एक्सेलचा तक्ता घेऊन आला. अकरा हॉल, भाडं, पार्किंग, जनरेटर, माणशी ताट, सगळे रकाने भरलेले. त्याच्या यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या हॉलमध्ये पाऊल टाकताच मी म्हटलं, इथं नको. जिना उभा आहे, माझी आजी चढू शकणार नाही. तो म्हणाला, 'जिना हा रकानाच नव्हता.' आम्ही हसलो, पण घरी येऊन मला रडू फुटलं. आमचं जमेल का?"

अगं, आधी डोळे पूस. 'जिना हा रकानाच नव्हता' हे तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे आणि ते तुझं नाही, त्याचं आहे. त्याकडे शेवटी येते.

ही अक्षरं मायर्स-ब्रिग्ज चाचणीतली. ती आली कुठून ते ऐक, कारण गोष्ट तुझ्याच घरातली वाटावी अशी आहे. १९१७ च्या सुमाराला अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज नावाच्या बाईंच्या लेकीनं, इझाबेलनं, घरी एक मुलगा आणला. क्लॅरन्स मायर्स, वकिलीचं शिकणारा. मुलात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं, पण तो यांच्या तऱ्हेचा नव्हता. घरचे सगळे कल्पनेत रमणारे, हा जमिनीवर पाय रोवून तपशील विचारणारा. बाईंना जावई कळेना. आपल्याकडच्या सासूबाई असं काही झालं की शेजारी जाऊन मन मोकळं करतात. या पुस्तकांकडे वळल्या आणि माणसांचे प्रकार पाडत बसल्या. १९२३ साली कार्ल युंग यांच्या प्रकारांवरच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला, तेव्हा त्यांना आपण शोधत होतो ते आयतं सापडलं.

युंग हे स्वित्झर्लंडमधले मनोविकारतज्ज्ञ. १९१३ साली त्यांचं मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या फ्रॉइडशी फाटलं, आणि त्याच वर्षी म्युनिकच्या परिषदेत त्यांनी माणसांच्या प्रकारांवर भाषण केलं. त्यांना एक प्रश्न छळत होता. फ्रॉइड आणि अ‍ॅडलर, दोघेही मनाचे बुद्धिमान वैद्य. तरी एकाच रुग्णाची हकिकत दोघांनी ऐकली तर कारणं वेगवेगळी का सांगतात? फ्रॉइडची नजर जाते ती रुग्ण बाहेरच्या माणसांकडे कसा ओढला जातो याकडे. अ‍ॅडलरची जाते ती रुग्ण आपलं आसन टिकवण्यासाठी काय काय करतो याकडे. युंगना वाटलं, फरक रुग्णात नाही, बघणाऱ्यांत आहे. त्यातून १९२१ चा तो जाडजूड ग्रंथ आला आणि आपण आता जीभ सैल सोडून वापरतो ते अंतर्मुख-बहिर्मुख (तुमचे आय आणि ई) जगभर झाले. त्यांच्या जोडीला मनाची चार कामं त्यांनी मांडली. दोन माहिती आत घेण्याची : डोळ्याकानांना जे आहे ते टिपणं (एस), किंवा त्यामागचं न दिसणारं एकदम उमगणं (एन). दोन ठरवण्याची : तर्कानं (टी), किंवा मनाला काय मोलाचं वाटतं त्यानं (एफ).

चाचणी मात्र युंगची नव्हे. ती इझाबेलची, म्हणजे त्या लेकीची. दुसऱ्या महायुद्धात बायका मोठ्या संख्येनं कामावर जाऊ लागल्या, तेव्हा कुणाला कोणतं काम मानवेल हे कळावं म्हणून तिनं प्रश्न रचायला घेतले. ती मानसशास्त्र शिकलेली नव्हती. पदवी राज्यशास्त्राची, आणि त्याआधी तिची एक रहस्यकथाही प्रसिद्ध झाली होती. चौथी जोडी, म्हणजे तुमचं ते जे (सगळं आधी ठरवून टाकणं) आणि पी (ऐनवेळेपर्यंत मोकळं ठेवणं), तिनंच ठळक करून घातली, आणि चार जोड्यांचे मिळून सोळा प्रकार झाले. १९६२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या परीक्षा संस्थेनं ती चाचणी छापली.

आणि आता गंमत. इझाबेलनं स्वतःला आयएनएफपी ठरवलं आणि नवऱ्याला आयएसटीजे. चारातली तीन अक्षरं उलटी! १९१८ ला त्यांचं लग्न झालं, दोन मुलं झाली, संसार मोडला नाही. 'आपल्यातल्या या दोन प्रकारांचं पटत नाही' असं तुला कुणी सांगितलं, तर त्यानं या बाईचं घर बघितलेलं नाही.

आता अक्षरांमधली खोट. दहावीला ३५ मिळाले की पास आणि ३४ मिळाले की नापास. ३५ वाला आणि ९५ वाला दोघांच्या कपाळी 'पास' हाच शिक्का, आणि ३४ वाला जणू वेगळ्या जातीचा प्राणी! ही चाचणी तेच करते. माणसं मुळात मधोमध जास्त असतात. थोडी बोलकी, थोडी घुमी. टोकाची कमी. मधल्या गर्दीतून रेघ ओढली की एका गुणानं माणूस इकडचा तिकडे होतो. पाच आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेतली तर जवळजवळ निम्म्या लोकांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं तपासणाऱ्यांना आढळलं आहे. मी स्वतः १९९४ ला एका प्रशिक्षणात ती केली तेव्हा अंतर्मुख निघाले. २००८ ला केली तेव्हा बहिर्मुख. मधल्या काळात मी फक्त मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर झाले होते!

आणि हो, त्याच्या कंपनीला कुणीतरी सांगायला हवं की माणूस घ्यायचा की नाही हे ठरवण्यासाठी ही चाचणी वापरू नका, असं ती विकणारेच सांगतात.

म्हणजे सगळं थोतांड का? नाही. माणसं माहिती वेगवेगळी उचलतात हे मी स्वतःच्या घरात, पाण्यात उभी राहून पाहिलं आहे.

आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. आम्ही सांगलीला, कृष्णेपासून फार लांब नाही. ऑगस्ट २०१९. पाऊस थांबेना, कोयनेतून विसर्ग चालू. आयर्विन पुलाजवळची पाणीपातळी ४५ फूट झाली की धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं. हे दर तासाला फोन करून आकडा घेत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत. ४८. ५०. ५१. मी म्हणत होते, निघू या. हे म्हणत, २००५ ला पाणी ५४ च्या आसपास गेलं होतं, तेव्हाही आपल्या पायरीला लागलं नव्हतं. बिनतोड! माझ्याकडे आकडा नव्हता. माझ्याकडे दूधवाला होता. तो सकाळी आला तो गाडीवरून न उतरताच आला, पैसे उद्या द्या म्हणाला, आणि त्याच्या म्हशी रात्रीच मिरजेकडे हलवल्याचं बोलून गेला. उधारीवर कधी दूध न देणारा माणूस पैसे उद्या द्या म्हणतो, हे माझ्यासाठी पुलावरच्या आकड्याहून मोठं होतं.

आम्ही निघालो एक दिवस उशिरा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून. त्या वेळी पातळी ५७ फुटांवर गेली. यांचा आकडा खरा होता, पण तो चौदा वर्षांपूर्वीचा होता. इथवर सांगितलं की ऐकणाऱ्या बायका खूश होतात, म्हणून पुढचंही सांगते. त्याआधी दोनदा मी अशीच कुणाचा तरी चेहरा बघून बोचकी बांधून बहिणीकडे गेले होते आणि दोन्ही वेळा घराचा उंबरासुद्धा भिजला नव्हता. दुसऱ्या वेळी परत आले तर यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं होतं : '४१ फूट. सौ. पळाल्या.'

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं. तेव्हा न ठरवता एक झालं. आकडा यांनी लिहिला आणि त्याच्यापुढे मला विचारून लिहिलं : 'दूधवाला आला. उतरला. चहा घेतला.' दुसऱ्या दिवशी तो आला नाही, आणि या वेळी यांनीच बॅगा काढल्या.

म्हणून म्हणते, तो मुलगा 'जिना हा रकानाच नव्हता' म्हणाला. 'जिन्याचं काय एवढं?' म्हणाला नाही. या दोन वाक्यांत मोठा फरक आहे आणि तो आय किंवा ई मध्ये सापडत नाही. त्याला सांग, जिन्याचा रकाना घाल. आणि तूही त्याच्या तक्त्यातलं जनरेटरचं भाडं वाच, कारण वीज गेली की आजीला पंखा लागेल.

आणखी एक, जे त्या अक्षरांत नाही ते. १९८९ साली मॅक्रे आणि कोस्टा या दोन संशोधकांनी ही चाचणी त्यांच्या पाच गुणांच्या मोजपट्टीशेजारी लावून पाहिली. चार जोड्या चार गुणांशी बऱ्यापैकी जुळल्या. पाचवा गुण मात्र चाचणीतून निसटलेलाच. कोणता? माणूस किती लवकर चिडतो, घाबरतो, खचतो आणि किती वेळानं सावरतो, तो. लग्नात जो रोज लागतो तोच. तेव्हा अक्षरं राहू देत. त्याचा फोन हरवला, गाडी पंक्चर झाली, वेटरनं चुकीचं ताट आणलं, त्या वेळी तो कसा वागतो ते डिसेंबरपर्यंत बघ. आणि तो तुझं बघेल तेव्हा कांगावा करू नकोस.

"आपले सदर नियमित वाचतो. व्यक्तिमत्त्व चाचणीतले हे सोळा प्रकार म्हणजे बारा राशींचेच सुटाबुटातले रूप नव्हे काय? एका वाक्यात उत्तर द्यावे. — एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली"

एका वाक्यात : निम्मं तुमचं खरं आहे, साहेब.

दुसरं वाक्य माझ्या खर्चानं. १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकी प्राध्यापकांनी वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून कागद दिला. किती जुळतं, ५ पैकी गुण द्या म्हणाले. सरासरी निघाली ४.२६. मग सांगितलं, कागद सगळ्यांचा एकच आहे, आणि मजकूर वर्तमानपत्रांच्या टपरीवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला आहे. 'तुम्हाला लोकांनी आपल्याला मानावं असं वाटतं, पण तुम्ही स्वतःवर फार टीका करता' अशा धर्तीचा. कोण नाही म्हणेल?

मी ३१ वर्षं हा प्रयोग दर जुलैत एफवायच्या वर्गात केला. मराठीत स्वतः मजकूर लिहिला होता : 'तुम्ही वरून हसता पण मनाला लावून घेता, घरच्यांना तुमची खरी किंमत कळलेली नाही.' सरासरी कधीच ४ च्या खाली आली नाही. एकदाच, बहुतेक २००३ ला, तासगावच्या एका मुलीनं १ दिला. का, विचारलं. म्हणाली, "मॅडम, हे तर आमच्या आईलापण लागू पडतं." तिला मी तिथेच माझं पेन देऊन टाकलं.

तुमचं उरलेलं निम्मं खरं का नाही? रास जन्मवेळेवरून ठरते, तुम्हाला काही न विचारता. चाचणी तुम्हालाच विचारते आणि तुमचंच उत्तर घडी घालून परत देते. त्यात नवं फार नसतं, पण खोटंही फार नसतं. गंमत म्हणजे युंगनाही या शिक्क्यांचा कंटाळा होता. माणसाकडे बघून लगेच लेबल चिकटवणं हा पोरकट खेळ आहे, असं त्यांनी १९३४ मध्येच आपल्या ग्रंथाच्या एका प्रस्तावनेत लिहून ठेवलं. आणि सोळा प्रकारांनी तुम्ही दचकलात, तर आमच्या समर्थांकडे बघा. त्यांनी मूर्खांचीच एवढी लक्षणं दिली आहेत की मी मोजायला बसले आणि स्वतः किती लक्षणांत बसते हे बघून थांबले.

"माझा मुलगा पाचवीत आहे. शाळेतल्या प्रदर्शनात एकांनी बोटांचे ठसे घेऊन बुद्धी आणि शिकण्याची पद्धत सांगतो म्हणून साडेपाच हजार घेतले. चाळीस पानी रिपोर्ट आला. मुलगा 'बघून शिकणारा' आहे, उजव्या मेंदूचा आहे, त्याला चित्रकार किंवा पायलट करा. आता तो धडा वाचायला बसत नाही. म्हणतो, मी व्हिज्युअल आहे, मला व्हिडिओ लावून द्या. काय करावे? — एक आई, इचलकरंजी"

पोरगा हुशार आहे, याला साडेपाच हजारांचा रिपोर्ट लागत नव्हता!

ठसे आईच्या पोटातच तयार होतात आणि जन्मभर तसेच राहतात, म्हणून ते चोर पकडायला कामाचे. स्वभाव आणि बुद्धी त्यांत लिहिलेली नसते. भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनंही या चाचण्यांना शास्त्रीय आधार नाही असं सांगितलं आहे. आणि हे आजच कळलेलं नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज गृहस्थांनी १८९२ साली ठशांवर पुस्तक लिहिलं. ठशांचा पोलिसी उपयोग रुजवण्यात त्यांचा मोठा हात. माणसाचा स्वभाव ठशांतून कळेल अशी त्यांना मोठी आशा होती. विद्यार्थ्यांचे, मजुरांचे, मतिमंदांचे ठसे त्यांनी शेजारी ठेवून पाहिले. काही निघालं नाही, आणि आपली आशा फोल ठरली असं त्यांनी त्याच पुस्तकात सरळ लिहिलं. हे १८९२ ला! तुमच्या शाळेत तंबू ठोकणारे त्यांच्यापेक्षा सव्वाशे वर्षं मागे आहेत, फक्त रंगीत प्रिंटर घेऊन.

'बघून शिकणारा, ऐकून शिकणारा' हे थोडं वेगळं प्रकरण. ते शिक्षकांनाही इतकं पटलं आहे की मोडायला जीव जातो. मीही माझ्या वर्गात काही वर्षं ते शिकवलं, हे कबूल करते. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरचे अभ्यास तपासले. विचारलं इतकंच, की बघून शिकणाऱ्याला चित्रानं आणि ऐकणाऱ्याला बोलून शिकवलं तर दोघांना जास्त येतं का? तसं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. मुलांना आवड असते, हे खरं. तुमच्या मुलाला व्हिडिओ आवडतो, आमच्या यांना तळलेलं आवडतं. नकाशा प्रत्येकानं डोळ्यांनी बघायचा आणि कविता प्रत्येकानं मोठ्यानं म्हणायची. ते मुलावर नाही, विषयावर ठरतं.

घरी हे करा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि काय आठवतं ते त्यानं तुम्हाला सांगायचं. तुम्ही पोळ्या लाटत असाल तरी चालेल. तीन दिवसांनी तोच धडा परत विचारा, मग आठवड्यानं. बघ्या असो की ऐक्या, याचा फायदा सगळ्यांना होतो आणि फुकट आहे. रिपोर्ट फाडू नका, मागची कोरी बाजू शुद्धलेखनाला वापरा. पैसे परत मागा, मिळणार नाहीत, पण मागा.

तरी मुलाला 'सगळे सारखेच असतात' असं सांगू नका, कारण तेही खरं नाही. गाल्टनचाच एक चांगला उद्योग सांगते. १८८० मध्ये त्यांनी ओळखीच्या लोकांना विचारलं : आज सकाळचं न्याहारीचं टेबल मनात आणा, किती स्वच्छ दिसतं? काहींना बशीची नक्षीसुद्धा दिसली. काही नावाजलेल्या शास्त्रज्ञांनी उलट विचारलं, 'मनात दिसतं म्हणजे काय? ती तर बोलण्याची रीत आहे ना?' त्यांना काहीच दिसत नव्हतं, आणि इतरांना दिसतं हे जन्मात माहीत नव्हतं. २०१५ साली अ‍ॅडम झीमन या डॉक्टरांनी या न दिसण्याला अफँटेशिया हे नाव दिलं. अशी माणसं अगदी नीट शिकतात, नोकऱ्या करतात, घरं चालवतात.

रविवारी घरी हा खेळ करा, मुलाला ठशांपेक्षा जास्त मजा येईल. सगळ्यांनी डोळे मिटून सकाळची पोह्यांची बशी बघायची आणि काय दिसतं ते सांगायचं. आम्ही केला. मला बशीच्या कडेचा उडालेला टवका दिसला, वर पेरलेली कोथिंबीर दिसली, चमच्यावर खिडकीचा उजेडही दिसला. हे बराच वेळ डोळे मिटून बसले. म्हणाले, काही दिसत नाही, काळोख आहे. मग एक डोळा उघडून म्हणाले, पण आज लिंबाची फोड दिली नव्हतीस.